खोक्यावर जेवढे लिहिता, तेवढे पट्टीवरही लिहा : केळी पॅक हाऊस चालक आणि निर्यातदारांना खुले पत्र

प्रति,
रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर तालुक्यांतील केळी पॅक हाऊस चालक, निर्यातदार आणि त्यांच्या वतीने बागा फिरणारे खरेदीदार यांस,

सप्रेम नमस्कार.

आखातात जाणाऱ्या खोक्यावर काय काय छापलेले असते ते तुम्हाला तोंडपाठ आहे. निव्वळ वजन, फण्यांचा वर्ग, पॅकिंगची तारीख, पॅक हाऊसचा संकेतांक. आता त्याच मालाची जी पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, बागायतदाराच्या हातात पडते ती शेजारी ठेवून बघा. एकूण वजन, कपात, रक्कम, संपले. कपात कशाची, वजन घडाच्या दांड्यासह की दांड्याविना, किती माल बाजूला काढला आणि तो कोणत्या भावाने धरला, यातले काहीच तिच्यावर नसते. फण्या धुणाऱ्या बाईच्या आणि खोकी उचलणाऱ्या पोराच्या हातात तर तेवढीही चिठ्ठी पडत नाही. त्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत आणि मुकादमाच्या डोक्यात. या पत्राचा विषय एवढाच आहे.

निर्यातीला आमचा विरोध नाही, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचे सगळे त्याच चष्म्यातून वाचले जाईल. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ च्या जूनमध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण आकडे आकडेच असतात. देशात केळीचे उत्पादन तीन कोटी टनांवर आहे. त्यातली २०१८-१९ मध्ये १.३४ लाख टन बाहेर गेली, ४१३ कोटी रुपयांची. पुढच्या वर्षी १.९५ लाख टन, ६६० कोटींची. त्या वर्षी शंभर किलोंमागे एक किलोही देशाबाहेर गेली नाही. तरी त्या किलोभराच्या आतल्या मालाने उरलेल्या नव्व्याण्णव किलोंची लावण, कापणी, मजुरी आणि खाणाऱ्याची आवडसुद्धा बदलून टाकली.

कामापासून सुरुवात करू. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी या जुन्या जाती होत्या तेव्हा कंदाची लावण व्हायची आणि माल हातात यायला दीड वर्ष लागायचे. नव्वदच्या दशकात जळगावातच ग्रँड नैन या जातीची ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे तयार होऊ लागली. सगळी रोपे एका वयाची, सगळी बाग जवळपास एका वेळी निसवणारी, म्हणजे केळफूल बाहेर टाकणारी, अकरा-बारा महिन्यांत कापणीला येणारी. कंटेनर भरायला असाच माल लागतो. ठिबकने पाणी वाचले, उत्पादन वाढले, हे खरेच आहे. त्याबरोबर घड निसवल्यानंतरच्या कामाची जी रांग लागली, तिचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

ती रांग अशी. घड पूर्ण सुटला की केळफूल काढायचे. वरच्या आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या बारीक फण्या कमी करायच्या, म्हणजे ठेवलेल्या फण्यांची केळी लांबीला आणि जाडीला भरतात. प्रत्येक केळाच्या टोकाचे फूल हाताने खुडायचे, आणि तेही केळी वर वळू लागतात त्या चार दिवसांत. उशीर झाला तर फूल तुटताना चीक गळतो आणि खालच्या फणीवर डाग पडतो; फूल तसेच राहिले तर वाळून कडक होते आणि वाहतुकीत शेजारच्या केळाची साल ओरखडते. मग फुलकिडींसाठी फवारणी, मग घड झाकायची स्कर्टिंग बॅग, मग त्या आठवड्याच्या रंगाची फीत, मग घडाचा भार पेलायला बांबूचा टेकू नाहीतर पट्टीने ताण. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडे बसतात. प्रत्येक घडाला सहा वेळा हात लागतो असे धरले तर एकरी दहा हजारांवर हात लागले. घड व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये केळीच्या पानांवर रचून दिल्लीला जायचे तेव्हा यातली निम्मी कामे नव्हतीच.

या सगळ्याचा खर्च, बॅगेपासून फितीपर्यंत, बागायतदार करतो. निर्यातीच्या मालाला चार पैसे जास्त मिळतात ते या खर्चापोटी. पण माल निर्यातीत बसला तरच मिळतात, आणि बसला की नाही हे कापणीच्या दिवशी तुमचा माणूस ठरवतो.

तारखेचा प्रश्न इथेच येतो, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा अन्याय याच ठिकाणी होतो. फीत कशासाठी बांधतात? घडाचे वय कळावे म्हणून. उन्हाळ्यात निसवल्यापासून अकरा-बारा आठवड्यांत घड तयार होतो, थंडीत तेरा-चौदा किंवा त्याहून जास्त लागतात. फणीच्या बाहेरच्या रांगेतल्या मधल्या केळाला जाडी मोजायचा कॅलिपर लावायचा. ३८ ते ४६ मिलिमीटरच्या आत हवे. खालच्या आकड्याच्या आत असेल तर पिकल्यावर केळ बारीक दिसते. वरच्या आकड्याच्या पुढे गेले तर घड वयाने जास्त झालेला असतो, तो कंटेनरमध्येच पिकायला लागतो. एक केळ पिकले की त्यातून फळ पिकवणारा इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची खोकी त्याच्यामागे लागतात. हे शास्त्र आम्हाला मान्य आहे. पण तुम्ही तारीख देता, बागायतदार त्या तारखेच्या हिशेबाने पाणी तोडतो, आणि कंटेनर चार दिवस येत नाही. कधी बंदरात रिकामा कंटेनर नसतो, कधी आखातातला ग्राहक थांबा म्हणतो. मे महिन्याच्या उन्हात आठवड्याभरात घड काही मिलिमीटर पुढे सरकतो. पाचव्या दिवशी तुमचाच माणूस कॅलिपर लावून म्हणतो, 'ओव्हर झाला, लोकलमध्ये टाका.' उशीर तुमच्या बाजूने आणि भाव पडतो बागायतदाराचा.

म्हणून पहिली मागणी. ठरलेल्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंतचा उशीर आम्ही सोसू. त्यापुढे, ठरलेल्या तारखेला मापात असलेला आणि नंतर मापाबाहेर गेलेला माल निर्यातीच्या भावाने धरावा. त्यासाठी तारीख देताना दहा झाडांची कॅलिपरची मापे घेऊन दोघांनी सह्या कराव्यात. दहा मिनिटांचे काम आहे.

वजनाची गोष्ट याहून साधी. खोक्यावर १३ किलो निव्वळ लिहिलेले असते. प्रवासात केळीतले पाणी उडते, म्हणून भरताना साडेतेरा भरतात, आणि भरलेच पाहिजे, नाहीतर तिकडे उतरताना वजन कमी येते. बागायतदाराला खोक्यांच्या संख्येवर, दर खोक्याला १३ किलो धरून पैसे मिळतात तिथे काय होते ते मांडून बघा. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण १,५०० खोकी बसतात. अर्धा किलो गुणिले १,५००, म्हणजे ७५० किलो. भाव २० रुपये धरला तर एका कंटेनरमागे १५,००० रुपयांची केळी बिनहिशेबी गेली. सगळेच असे करतात असे आम्ही म्हणत नाही. काही पॅक हाऊस भरलेल्या वजनावर पैसे देतात. त्यांना हा परिच्छेद लागू नाही.

दांड्याचेही तसेच. घडाच्या वजनात दांडा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. जाहीर होणारा भाव, मग तो बऱ्हाणपूरच्या लिलावाचा असो की रावेरचा, पूर्ण घडाचा असतो. बॉक्स पॅकिंगमध्ये वजन फण्यांचे होते. दांड्यासह भाव लावून दांड्याविना वजन केले तर दहा टक्के तिथेच गेले, त्यावर 'वेस्टेज' म्हणून आणखी कापले तर एकाच मालाला दोनदा कात्री लागली. कोणतीही एक पद्धत ठेवा, पण ती पट्टीवर लिहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन विभागाकडून दर वर्षी फेरतपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. बांधावर येणाऱ्या काट्यावर तो शिक्का आणि तारीख दिसली पाहिजे. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला बांधावर विकायची मोकळीक मिळाली, पण बांधावरच्या वजनाला साक्षीदार राहिला नाही. जी देखरेख समितीकडून गेली, ती जबाबदारी आता खरेदीदाराच्या अंगावर आहे.

आता क्लेमबद्दल, म्हणजे माल खराब निघाला म्हणून तिकडचा ग्राहक जी रक्कम मागतो तिच्याबद्दल. कापणी ते दुकान यात केळीला मार कुठे लागतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. झाडापासून रस्त्यापर्यंत. पंचवीस-तीस किलोंचा घड खांद्यावर घेऊन सरीतून चालताना, तो ट्रॉलीत एकावर एक रचताना. लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या मळ्यांत घड तारेवर लटकत पॅक हाऊसपर्यंत येतो. आपल्याकडे दोन-तीन एकरांचे तुकडे, मध्ये दुसऱ्याचा बांध, त्यामुळे तार सगळीकडे शक्य नाही. पण खांद्यावर जाड फोमची गादी, ट्रॉलीच्या तळाला आणि बाजूंना फोम, आणि एकावर एक घड न रचणे, एवढे कुठेही जमते. मार लागलेला त्या दिवशी हिरव्या सालीवर दिसत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पिकल्यावर काळा डाग उमटतो आणि तिकडून फोटो येतो. मग ती रक्कम कुणाच्या तरी पुढच्या पट्टीतून वळती होते. ज्याच्या मालाचा क्लेम त्याच्याच मालातून कापला हे कशावरून? खोक्यावर शेताचा संकेतांक असतो. क्लेम कापायचा असेल तर फोटो, संकेतांक आणि खोक्यांची संख्या दाखवून कापा. शिवाय तो घड ज्या टोळीने उतरवला तिला गादी दिली होती का, हेही त्यासोबत सांगा. टोळी तुमची, ट्रॉली तुमची, आणि डागाचे पैसे बागेचे, हे बसत नाही.

थंडाव्याच्या बाबतीत दोष विभागून आहे. केळी १३ ते १४ अंशांवर झोपते. त्याखाली गेली की सालीखालच्या पेशी मरतात, पिकल्यावर रंग धुरकट राहतो. फार वर गेली तर वाटेत पिकते. मे महिन्यात रावेरला पारा ४४-४५ वर असतो आणि दुपारी कापलेल्या केळीचा गर हाताला कोमट लागतो. असा माल पुरेसा थंड न करता कंटेनरमध्ये भरला की कंटेनरचे यंत्र त्याला खाली आणू शकत नाही. ते यंत्र थंड माल थंड ठेवायला बनवलेले आहे, गरम माल थंड करायला नाही. खोक्यांमधल्या केळीचा गर १३.५ अंशांवर यायला प्री-कूलिंगच्या खोलीत आठ-दहा तास लागतात, खोक्यांची भोके एका रेषेत नसतील तर त्याहून जास्त. घाई झाली की पहिली काटछाट याच तासांवर होते. उन्हाळ्यात कापणी सकाळी नऊच्या आत आटोपणे आमच्या हातात आहे, ते आम्ही पाळू. गराचे तापमान सुईच्या थर्मामीटरने तपासून भरताना नोंदवणे तुमच्या हातात आहे. जानेवारीत सातपुड्याकडून उतरणारी थंडी झाडावरच केळीला चटका देते, ते मात्र कुणाच्याच हातात नाही. त्या दिवसांत डागांची सवलत थोडी वाढवावी, एवढेच म्हणणे.

पॅक हाऊसच्या आतल्या कामावर आजवर कुणी पत्र लिहिलेले नाही, म्हणून तिथे जरा थांबतो.

फण्या दांड्यापासून सुटल्या की कापलेल्या जागेतून चीक वाहतो. सकाळच्या गारव्यात तर जास्तच. तो सालीवर सुकला की काळा पडतो आणि मग कशानेही निघत नाही. म्हणून फण्या लगेच पाण्याच्या टाकीत, आणि त्या पाण्यात तुरटी, हजार लिटरला पाच ते दहा किलो. पुढच्या टाकीत क्लोरीनचे पाणी, मग देठाच्या कापावर बुरशीनाशक. पाणी दिवसभर तेच ठेवले तर त्यात चिकाचा साका जमतो, क्लोरीन त्यातच खर्ची पडते, आणि जी बुरशी धुवायची तीच सगळ्या फण्यांना लागते. देठ कुजल्याचे क्लेम यातूनच येतात. टाक्यांचे पाणी किती तासांनी बदलायचे हे भिंतीवर लिहा आणि बदलल्याची वेळ नोंदवा.

याच पाण्यात बायकांचे हात आठ-दहा तास असतात. तुरटीने कातडी आवळते, क्लोरीनने फुटते, चीक त्या भेगांत बसतो. बुरशीनाशक ब्रशने लावणाऱ्या बाईच्या हातात मोजा नसतो, कारण मोजा घातला की बोटे जड होतात आणि खोक्यांमागे मिळणारी मजुरी कमी होते. उत्तर सोपे आहे. आतून सुती आणि वरून रबरी, मापाचे मोजे, गमबूट, एप्रन, आणि ब्रशच्या जागी फवाऱ्याची नळी. यातली कोणतीही वस्तू एका खोक्याच्या किमतीपेक्षा फार महाग नाही.

मजुरी खोक्यामागे असते, आणि कंटेनर उशिरा आला, वीज गेली, पुठ्ठा संपला की खोकी थांबतात. त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. उक्त्या कामाची मजुरीही किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, असा कायदा आहे. थांबलेले तास धरले तर अनेक दिवशी ती खाली जाते. भराईचे गणितही करून बघा. १,५०० खोकी, पुठ्ठ्यासह प्रत्येकी साडेचौदा किलो धरले तर पावणेबावीस टन. आठ जणांनी भरले तर माणशी पावणेतीन टन, आणि एकच खोके काट्यावरून खोलीत, खोलीतून कंटेनरमध्ये असे पुन्हा पुन्हा उचलले जाते. हे काम बहुतेक रात्री चालते, थंड खोली आणि बाहेरचा उकाडा यांत ये-जा करत.

हे करणारे कोण? सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतले पावरा, बारेला, तडवी आदिवासी, आणि आता परराज्यांतून आलेल्या टोळ्याही. पूर्वी मृगबाग आणि कांदेबाग असे लावणीचे दोन हंगाम होते, त्यावर मजुरांचे वर्ष बसलेले होते. आता रमजानची मागणी धरून लावण ठरते, आणि रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. दुबईतल्या इफ्तारच्या ताटासाठी कापणी फेब्रुवारीत आली की होळीला गावी जाणारा पावरा मजूर अडकतो, किंवा जातो आणि उचल अंगावर राहते. होळीच्या तोंडावर भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराचे दिवस तुमच्या कॅलेंडरवर असायला काय हरकत आहे?

खाण्याकडे वळतो. तुमच्या टेबलावरून बाजूला काढलेल्या केळीत दोष काय असतो? लांबी कमी, सालीवर खरचटलेले, जुळी केळी, फणीचा बाक वाकडा. गराला काही झालेले नसते. ती गाडीवर जातात, वेफर्सला जातात, उरली तर उकिरड्यावर. वेफर्सचा धंदा सावदा-फैजपूरच्या रस्त्यावर चांगला चालतो, पण तळायला बहुतेक ठिकाणी पामतेल, आणि ते इंडोनेशिया-मलेशियाहून येते. इराण आपली केळी घेतो आणि इराणचे सफरचंद जळगावच्या फळबाजारात येते. यात गैर काही नाही. गैर वाटते ते एवढेच की केळीच्या जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकालाही आता डाग नसलेले, एकसारखे पिवळे केळ हवे असते. ठिपके पडलेले, खरे गोड झालेले केळ तो बाजूला सारतो. ही नजर आखाताच्या खोक्यांनीच तयार केली.

या पिवळ्याच्या हट्टापायीच कार्बाइड, म्हणजे फळे झटपट पिकवायची पूड, टिकून आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी त्यावर बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात. इथिलीन वायूला मात्र १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे. बंद खोली, १६ ते १८ अंश, १०० पीपीएम इथिलीन चोवीस तास, मग दार उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि चार-पाच दिवसांत रंग. खोली २४-२५ अंशांच्या वर गेली तर साल नीट पिवळी होत नाही आणि गर मऊ पडतो. उन्हाळ्यात छोट्या व्यापाऱ्याची फजिती इथेच होते आणि तो कार्बाइडच्या पुडीकडे वळतो. तुमच्याकडे थंड खोल्या आहेत. कंटेनर नसतात त्या दिवसांत त्या रिकाम्या असतात. बाजूला काढलेला माल तिथे पिकवून जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाजारात वेगळ्या नावाने विका. खोलीचे भाडे मिळेल, बागायतदाराला 'लोकल'पेक्षा बरा भाव मिळेल, आणि इथल्या पोरांना पुडीत न पिकलेले केळ मिळेल.

खताचा एकच मुद्दा, कारण भाव ठरवताना तो विसरला जातो. केळीला झाडामागे २०० ग्रॅम पालाश लागते, म्हणजे ३३३ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. एकरी १,७४२ झाडांना ५८० किलो, जवळपास बारा गोण्या. ठिबकातून दिले तर थोडे कमी. देशात पोटॅशची खाण चालत नाही. सगळे बाहेरून, त्यात रशिया-बेलारूसचा मोठा वाटा. २०२२ मध्ये गोणी १,७०० रुपयांवर गेली तेव्हा एकरी वीस हजार फक्त पोटॅशचे झाले. डॉलर वधारला की तुमच्या खोक्याला जास्त रुपये मिळतात, आमची गोणी मात्र महाग होते. वर्षाच्या करारात भाव बांधताना एवढे तरी लक्षात असू द्या.

आणि शेवटी ज्याची भीती बोलून दाखवायला कुणी तयार नाही, ते. जगभरच्या निर्यातीत एके काळी ग्रो मिशेल नावाची केळी होती. मर रोगाने ती विसाव्या शतकाच्या मध्यात संपवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आपली ग्रँड नैन त्याच गटातली. आता कॅव्हेंडिशलाही मारणारा, मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. तो मातीतून पसरतो, जमिनीत दशकानुदशके टिकतो, औषध नाही. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात माती कोण नेते? ट्रॉलीची चाके, क्रेट, कोयते, आणि रोज नवी बाग कापणाऱ्या टोळीचे बूट. शेतात शिरण्याआधी क्रेट आणि बूट आधी पाण्याने घासून चिखल काढायचा आणि मग जंतुनाशकात बुडवायचे. चिखल तसाच ठेवून ब्लीचिंगचे पाणी मारले तर ते चिखलातच निकामी होते. प्रत्येक ट्रॉलीसोबत दोनशे लिटरची टाकी आणि दोन ब्रश, इतकाच खर्च. ज्या शिवारात झाडे खालच्या पानांपासून पिवळी पडून मोडताना दिसतील, खोड चिरल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसतील, तिथला माल त्या दिवशी भरू नका आणि कृषी विभागाला कळवा. बागायतदार लपवेल, कारण त्याची सगळी बाग जाईल. म्हणून त्या कापणीचे पैसे रोखणार नाही, असे तुम्ही आधीच सांगून ठेवले पाहिजे.

तर आमचे मागणे एका कागदाचे आहे. बागायतदाराच्या पट्टीवर ठरलेली आणि प्रत्यक्ष कापणीची तारीख, कॅलिपरचे माप, वजनाची पद्धत, भरलेले वजन, बाजूला काढलेला माल कारणासह, आणि क्लेम असल्यास खोक्यांची संख्या. मजुराच्या चिठ्ठीवर खोकी, कामाचे तास, थांबलेले तास, उचल आणि हातात दिलेली रक्कम. येत्या मृगबागेच्या कापणीपासून सुरू करा. तोपर्यंत ज्यांना शंका आहेत त्यांनी कोणत्याही बांधावर यावे, आम्ही एका कंटेनरचा हिशेब दोन्ही पद्धतींनी मांडून दाखवू.

पट्टी मराठीत असावी, मजुराची प्रत त्याला वाचता येईल त्या भाषेत, आणि दोन्हींवर काट्याच्या शिक्क्याची तारीख. छपाईचा निम्मा खर्च उचलायला आम्ही तयार आहोत.

आपले,
तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यातील केळी उत्पादक, कापणीवाले आणि पॅकिंगचे कामकरी